मुलाच्या लघवीच्या जागेचं ऑपरेशन : घरी आल्यावर काय करायचं?



मागच्या उन्हाळ्यात अकोल्यातल्या एका वस्तीत आम्ही एका घरी गेलो होतो. सात वर्षांच्या पोराचं पुढच्या कातडीचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते. पोरगं बाजेवर पाय फाकवून पडलेलं होतं आणि लघवी लागली की रडायचं. आजीनं जखमेवर हळद दाबली होती. का लावली असं विचारलं, तर म्हणाली, "पिवया पू दिसला व बाई, म्हून हयद लावली."

कोमट पाण्यात भिजवून भिजवून आम्ही ती हळद काढली. खाली पू नव्हताच. जखम भरताना जो पिवळसर थर येतो, तो होता. पण हळद टाक्यांमध्ये वाळून बसली होती आणि ती निघताना नव्यानं रक्त आलं. जे दोन दिवसांत कमी व्हायचं होतं, ते दुखणं आठवडाभर लांबलं.

यात आजीचा दोष नाही. दवाखान्यातून निघताना त्या घराला चिठ्ठी मिळाली, औषधं मिळाली, पण जखम कशी दिसेल हे कोणी सांगितलं नाही. जागा नाजूक, म्हणून आईला विचारायची लाज वाटली. बाप औषधाच्या रांगेत उभा होता. अशी घरं आम्हाला अमरावतीतही भेटतात. म्हणून या वेळच्या पानावर हाच विषय घेतला आहे. हे ऑपरेशन लहान असतं, साधारण अर्ध्या-पाऊण तासाचं. जखम भरायला मात्र दोन-तीन आठवडे लागतात आणि ते सगळे दिवस मूल घरी, आपल्या हाताखाली असतं.

हे ऑपरेशन कशासाठी करतात?

शिश्नाच्या टोकावर जी कातडी असते, ती जन्मतः आतल्या बोंडाला चिकटलेली असते. ती मागे जात नाही, आणि लहानपणी हे अगदी नैसर्गिक आहे. वय वाढतं तशी ती हळूहळू आपोआप सुटते. याकोब ऑस्टर नावाच्या डॉक्टरांनी डेन्मार्कमधल्या शाळकरी मुलांना अनेक वर्षं तपासून 1968 साली निष्कर्ष मांडले. सहा-सात वर्षांच्या शंभर मुलांत सुमारे आठ जणांची कातडी घट्ट होती. सोळा-सतरा वर्षांपर्यंत हे प्रमाण शंभरात एकावर आलं होतं. म्हणजे कातडी मागे जात नाही एवढ्यावरून ऑपरेशन लागत नाही.

आंघोळ घालताना किंवा मालिश करताना ही कातडी जोर लावून मागे ओढू नका. त्यानं बारीक चिरा पडतात, त्या भरताना कातडी आकसते आणि नसलेला आजार तयार होतो.

कातडीचं तोंड कडक, पांढरट झालं असेल, लघवीची धार अडत असेल, पुन्हा पुन्हा सूज येऊन पू होत असेल, तर त्याला डॉक्टर फायमोसिस म्हणतात. बऱ्याचदा आधी चार ते आठ आठवडे स्टिरॉइडचं मलम देऊन बघतात आणि अनेक मुलांचं काम तेवढ्यानं होतं. तरीही सुटलं नाही किंवा कातडी आधीच कडक झालेली असली, तर ऑपरेशन करतात. कधी पुढची कातडी पूर्ण काढतात, तर कधी कातडी ठेवून फक्त तोंड मोकळं करतात. घरची काळजी या दोन्हींत थोडी वेगळी असते, म्हणून आपल्या मुलाचं नेमकं काय केलं ते विचारून घ्या.

दवाखान्यातून निघण्याआधी

बहुतेक मुलांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. निघण्याआधी नर्सला किंवा डॉक्टरला या गोष्टी विचारा आणि चिठ्ठीच्या मागे लिहून घ्या:

- कातडी काढली की फक्त मोकळी केली?
- पट्टी कधी काढायची? घरी काढायची की इथे येऊन?
- आंघोळ कोणत्या दिवसापासून?
- दुखण्याचं औषध किती मिली आणि किती तासांनी?
- काढलेला तुकडा तपासायला पाठवला आहे का? रिपोर्ट कधी मिळेल?
- पुन्हा दाखवायला कधी यायचं?

विचारायला लाजू नका. आम्ही वॉर्डात काम केलं आहे. गर्दीत नर्स घाईत असते, पण विचारणाऱ्या आईला उत्तर मिळतं.

आणखी एक गोष्ट ऑपरेशनच्या आधीच सांगायची असते. आपल्या विदर्भात, आणि आपल्या समाजातही, सिकलसेलचं प्रमाण बरंच आहे. मुलाची सिकलसेल तपासणी झाली नसेल तर भूल देण्याआधी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती होते. कार्ड असेल तर दाखवा. सिकलसेलचा आजार असलेल्या मुलाला ऑपरेशननंतर पाणी कमी पडू देऊ नये आणि अंगाला गारठा लागू देऊ नये, नाहीतर अंगदुखीचा झटका येऊ शकतो. घरात कोणाला दात काढल्यावर किंवा लहान जखमेतूनही रक्त थांबत नसे असं झालं असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

पहिला दिवस

भुलीचा अंमल पूर्ण उतरायला वेळ लागतो. मूल झोपाळू असतं आणि एखाद-दोन वेळा उलटी होते. आधी घोट घोट पाणी द्या. ते टिकलं की आंबील, पेज, खिचडी. बऱ्याच मुलांना कमरेच्या खाली इंजेक्शन देऊन ती जागा बधिर केलेली असते. त्यानं काही तास पाय जड राहतात. म्हणून पहिल्या दिवशी त्याला एकट्यानं चालू देऊ नका, संडासला हात धरून न्या. मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवून घरी आणू नका. ऑटो करा.

पहिली लघवी कधी झाली, ती वेळ लक्षात ठेवा. पट्टीवर रुपयाएवढा रक्ताचा डाग दिसला तर घाबरू नका.

दुखण्याचं औषध

बधिरपणा उतरला की दुखायला लागतं. पहिले दोन-तीन दिवस जास्त, मग कमी होत जातं. या दिवसांत मूल रडायची वाट न पाहता चिठ्ठीत लिहिलेल्या वेळेवर औषध द्या.

साधारणपणे पॅरासिटामॉल देतात. वजनाच्या दर किलोला 15 मिलिग्रॅम असं एका वेळेचं माप असतं. दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तास अंतर ठेवायचं आणि 24 तासांत चारपेक्षा जास्त वेळा द्यायचं नाही. इथे एक चूक फार होते. पॅरासिटामॉलची बाटली सगळीकडे सारखी नसते. काही बाटल्यांत 5 मिलीमध्ये 125 मिलिग्रॅम औषध असतं, तर काहींत 250. वीस किलोच्या मुलाला 300 मिलिग्रॅम लागतं. म्हणजे पहिल्या बाटलीतून 12 मिली आणि दुसरीतून 6 मिली. बाटली बदलली आणि माप तेच ठेवलं, तर औषध दुप्पट जाईल किंवा अर्धंच जाईल. म्हणून लेबल वाचा, वाचता येत नसेल तर मेडिकलवाल्याकडून वाचून घ्या, आणि घरातल्या चमच्याऐवजी बाटलीसोबतच्या मापानंच द्या.

आयब्रुफेन डॉक्टरांनी लिहिलं असेल तरच द्या, तेही जेवणानंतर. अ‍ॅस्पिरिन देऊ नका, त्यानं रक्त वाहतं आणि मुलांना इतर धोकाही असतो. निमेसुलाईड 12 वर्षांखालच्या मुलांना द्यायला आपल्या देशात 2011 पासून मनाई आहे. घरात पडलेली मोठ्यांची गोळी अर्धी करून मुलाला देऊ नका.

मुलाला झोपेत किंवा पहाटे शिश्न ताठ होतं आणि टाके ओढले जाऊन दुखतं. सगळ्याच वयाच्या मुलांना असं होतं. झोपण्याआधी लघवी करायला लावा. मोठ्या मुलाला बापानं किंवा मोठ्या भावानं हे आधीच सांगून ठेवावं, म्हणजे तो घाबरणार नाही.

जखम कशी धुवायची?

आधी आपले हात साबणानं धुवा. ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे.

पिण्याचं पाणी उकळून कोमट होऊ द्या. काही वस्त्यांत नळ चार-चार दिवसांनी येतो, खारपाणपट्ट्यातल्या गावांत बोअरचं पाणी खारट लागतं. तेव्हा साठवलेलं पिण्याचं पाणीच वापरा. एका वेळेला एक-दोन तांबे पुरतात. दिवसातून दोन वेळा आणि संडासनंतर जखमेवर हे पाणी हळूच ओता. चोळायचं नाही, साबण लावायचा नाही. मग मऊ, धुतलेल्या सुती कापडानं टिपून घ्या किंवा वाऱ्यावर सुकू द्या.

पट्टी असेल तर सांगितलेल्या दिवसापर्यंत ती कोरडी ठेवा. बरेचदा ती आपोआप सुटते. घरी काढायला सांगितलं असेल आणि चिकटली असेल, तर स्वच्छ टपात कोमट पाणी घेऊन मुलाला दहा मिनिटं बसवा, मग ती सैल होते. ओढून काढू नका. या कामाला सिमेंट कालवायचं घमेलं वापरू नका.

सुकल्यावर चिठ्ठीतलं मलम पातळ लावा. व्हॅसलीन लावायला सांगितलं असेल तर ते जाडसर लावा, त्यानं कापड जखमेला चिकटत नाही. लंगोट किंवा डायपर वापरणाऱ्या लहान बाळाला दर बदलीला लावा.

हळद, राख, चुना, चहापत्ती, टूथपेस्ट, पावडर यातलं काहीही लावू नका. डेटॉलसारखं औषधही जखमेवर ओतू नका. त्यानं आग होते आणि नवी कातडी दुखावते. स्वयंपाकातली हळद जंतूविरहित नसते. ती जखमेवर बसली की खाली काय चाललंय ते दिसतही नाही.

धुण्याचं काम आईवरच टाकू नका. बापानंही करावं. मोठ्या मुलाला आईसमोर संकोच वाटतो, तेव्हा तर बापानंच करावं आणि हळूहळू त्यालाच शिकवावं.

जखम कशी दिसेल?

*पहिले तीन दिवस :* सूज वाढते. टोक लाल, कडेला निळसर-जांभळं दिसतं. आतापर्यंत झाकलेलं बोंड उघडं पडल्यामुळे कापडाचा स्पर्शही झोंबतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सगळ्यात जास्त असते. हे पाहून बरेच पालक घाबरतात, पण हे व्हायचंच असतं.

*तिसरा ते सातवा दिवस :* जखमेवर पिवळसर-पांढरट, ओलसर थर येतो. हाच तो आजीला पू वाटलेला थर. तो पुसून किंवा खरवडून काढू नका. पू असेल तर घाण वास येतो, लाली आजूबाजूला पसरते, दुखणं दिवसेंदिवस वाढतं आणि ताप येतो. वास नाही, ताप नाही आणि दुखणं कमी होत चाललंय, तर जखम भरते आहे.

*दुसरा-तिसरा आठवडा :* थर आणि खपल्या आपोआप पडतात. टाके बहुधा विरघळणारे असतात. ते दोन-तीन आठवड्यांत तुकड्या-तुकड्यांनी गळतात. लोंबणारा दोरा दिसला तरी ओढू नका. थोडी सूज काही आठवडे राहू शकते.

*कातडी ठेवून फक्त मोकळी केली असेल तर :* डॉक्टर काही दिवसांनी ती रोज हळूच मागे घ्यायला सांगतात, नाहीतर ती पुन्हा आकसते. दिवस त्यांनी सांगितला तोच धरा. मागे घेतलेली कातडी प्रत्येक वेळी पुन्हा पुढे आणलीच पाहिजे. ती मागेच राहिली तर बोंडाभोवती फास बसतो आणि टोक सुजतं. तसं झालं तर थंड पाण्याचं ओलं कापड धरून लगेच दवाखाना गाठा. सकाळची वाट पाहू नका.

लघवी, कपडे, खाणं

लघवी करताना झोंबतं म्हणून मुलं दाबून ठेवतात आणि पाणी प्यायचं टाळतात. मग लघवी घट्ट होऊन जास्त झोंबते. त्याला थोड्या थोड्या वेळानं पाणी, निंबू सरबत, ताक, पन्हं द्या. लघवी करताना वरून कोमट पाण्याची धार सोडली तर आग कमी होते. आपल्याकडे अशी ऑपरेशनं बरेचदा उन्हाळ्याच्या सुट्टीत करून घेतात. वैशाखात अंगातलं पाणी घामानंच निघून जातं, तेव्हा पाण्याकडे जास्त लक्ष द्या.

कपडे सैल आणि सुती हवेत. बापाची जुनी लुंगी किंवा गुडघ्यापर्यंत येणारा मोठा सदरा चांगला. आठवडाभर जीन्स आणि घट्ट चड्डी नको. माश्या बसू नयेत म्हणून झोपताना मच्छरदाणी लावा.

भातानं पू होतो, वांग्यानं जखम चिघळते असं आजूबाजूचे सांगतील. तसं होत नाही. मुलाला नेहमीचं सगळं खाऊ द्या. वरण, अंडी, दूध, शेंगदाणे, हिरवी भाजी यांनी जखम भरायला मदत होते. संडासला कुंथावं लागू नये म्हणून भाजी आणि फळ रोज असू द्या.

या खुणा दिसल्या तर दवाखाना

रक्त यायला लागलं तर स्वच्छ कोरडं कापड घेऊन ती जागा बोटांत धरा आणि घड्याळ लावून दहा मिनिटं दाबून ठेवा. मधे उघडून पाहू नका. थेंब-दोन थेंब रक्त यानं थांबतं. खालीलपैकी काही झालं तर मात्र घरी थांबू नका:

- दहा मिनिटं दाबूनही रक्त थांबत नाही किंवा कापड पुन्हा पुन्हा भिजतंय
- आठ-दहा तास लघवी झाली नाही किंवा लघवी येऊनही होत नाही आणि पोट फुगलंय
- 100.4 फॅरनहाइटपेक्षा जास्त ताप
- घाण वास, हिरवट घट्ट पू, पोटाकडे किंवा मांडीकडे पसरणारी लाली
- तिसऱ्या दिवसानंतर दुखणं कमी होण्याऐवजी वाढतंय
- पूर्ण बोंड काळं-निळं पडलंय
- मागे गेलेली कातडी पुढे येत नाही
- उलट्या थांबत नाहीत, मूल नीट जागं होत नाही
- सिकलसेलच्या मुलाचं शिश्न दोन तासांहून जास्त ताठ राहून दुखतंय

जिथे ऑपरेशन झालं तिथे जा. रात्रीची वेळ असेल तर अमरावतीत इर्विन, अकोल्यात सर्वोपचार. गाडी नसेल तर 108 लावा.

आणि काही महिन्यांनी धार सुईसारखी बारीक झाली किंवा मूल जोर लावून लघवी करायला लागलं, तर पुन्हा दाखवा. कधी कधी लघवीचं छिद्र आकसतं आणि त्यावर उपाय आहे.

शाळा आणि खेळ

साधारण आठवड्यानं शाळेत जाता येतं. मैदानी खेळ दोन-तीन आठवड्यांनी, सायकल तीन-चार आठवड्यांनी. विहिरीत किंवा तलावात पोहणं जखम पूर्ण भरेपर्यंत बंद. शाळेत "लहान ऑपरेशन झालं आहे, खेळाच्या तासाला बसवून ठेवा" एवढं सांगितलं तरी पुरे.

जखम आल्यागेल्याला दाखवू नका. आम्ही पाहिलं आहे, मावशी-काकू बघायला येतात आणि पोराचा सदरा वर करून दाखवला जातो. पोरगं मान खाली घालतं. त्या जखमेचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर तर कधीच टाकू नका. शरीर त्याचं आहे. बघण्याआधी, हात लावण्याआधी त्याला सांगा आणि विचारा.

"सुंता केली काय?"

हा प्रश्न वस्तीत येतोच आणि याच भीतीनं काही घरं ऑपरेशन पुढे ढकलत राहतात. शाळेच्या तपासणीत डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, ती दोन-दोन वर्षं डब्यात पडून राहिली, अशीही घरं आम्हाला ठाऊक आहेत. तोवर कातडी कडक होत जाते आणि मूल रोज कुंथत लघवी करतं.

कापली जाणारी कातडी तीच आहे, कारण वेगळं आहे. मुसलमान आणि ज्यू धर्मात ती धार्मिक प्रथा आहे, इथे तो आजारावरचा इलाज आहे. ऑपरेशनच्या टेबलावर कोणाचा धर्म बदलत नाही. आपण धम्म स्वीकारला तो 14 ऑक्टोबर 1956 ला, विचार करून. मुलाला कोणी चिडवलं तर त्याला सांगा, "मला त्रास होता, डॉक्टरांनी बरा केला," एवढंच उत्तर दे. पण "आम्ही काय मुसलमान आहोत का" असं तोंड वेंगाडून उत्तर द्यायला शिकवू नका. शेजारच्या मुस्लिम घरातल्या आयांनी ही जखम आपल्या पोरांची काळजी घेताना पाहिलेली असते. सैल लुंगी आणि कोमट पाणी ही युक्ती आम्हालाही एका शेजारणीनंच आधी सांगितली होती.

खर्चाचं काय?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून चालू आहे. त्यातलं डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येऊन 18 वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतं. घट्ट कातडीची तक्रार तिथेच सांगा, पथक पुढच्या दवाखान्यात पाठवतं. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. त्यामुळे पैशासाठी थांबायचं कारण नाही. तंबूत बसणाऱ्या किंवा घरी येऊन ब्लेडनं करणाऱ्याकडे मुलाला नेऊ नका. तिथे भूल नसते, निर्जंतुक हत्यारं नसतात आणि रक्त थांबलं नाही तर पुढे काही करताही येत नाही.

त्या अकोल्याच्या पोराची जखम तिसऱ्या आठवड्यात भरली. नंतर भेटलो तेव्हा तो गल्लीत क्रिकेट खेळत होता. आजी दारात बसली होती. शेजारच्या घरी दुसऱ्या एका पोराचं हेच ऑपरेशन ठरलं होतं आणि आजी त्याच्या आईला सांगत होती, "हयद नको लावू व माय. पिवयं दिसलं त भेऊ नको, कोमट पाणी घाल."